एकदाच विचारणारा सिनेमा

मी एक सुमार सिनेमा बोलतोय. संकोचू नका, मला ते पाठ आहे. मी आलो त्याच आठवड्यात एका पेपरवाल्यानं लिहिलं होतं, "दोन तासांची रडारड. रुमाल नेऊ नये, उशी न्यावी."

माझा जन्म कॅलिफोर्नियाच्या ऐन उन्हाळ्यातला, पण गोष्ट बर्फाची. माझा बर्फ म्हणजे साबणाचा फेस. माझ्यात एक विधुर कोळी आहे, एक आंधळा कुत्रा आहे, आणि गाव सोडून निघालेली एक मास्तरीण आहे. शेवटी स्टेशनवर कोळी तिला एकदाच विचारतो, "राहशील?" ती तिथल्या तिथे "हो" म्हणते, व्हायोलिनं गळा काढतात, कुत्रा भुंकतो, आणि मी संपतो.

१९६४च्या जानेवारीत पाच पत्र्याच्या डब्यांत बसून मी मिनेसोटातल्या नॉर्डाल गावच्या थिएटरात पोचलो. आलो होतो तीन दिवसांसाठी. पण माझी कंपनीच बुडाली, परत बोलावणारं कुणी उरलं नाही, मग तिथेच राहिलो घरजावयासारखा.

नॉर्डालची माणसं रडायच्या जागी हसली. "अगं बाई, हा बघ! एवढ्या बर्फात टोपी नाही, कोटाची बटणं उघडी. मरेल ना मेला!" पण सगळ्यात मोठा हशा पिकला तो मास्तरणीच्या 'हो'ला. कारण गावाची रीतच तशी. कुणी कॉफी विचारली की पहिल्यांदा म्हणायचं, "नको, उगाच त्रास." दुसऱ्यांदा, "खरंच नको." तिसऱ्यांदा, "बरं, अर्धाच कप हं." ताटलीतला शेवटचा तुकडा तर कुणी उचलतच नाही. जो तो त्यातला अर्धा कापून घेतो, मग पुढचा अर्ध्यातला अर्धा, शेवटी सुरीला चिकटलेलं तेवढंच उरतं. पहिल्याच हाकेला 'हो' म्हणणारी बाई म्हणजे हावरट.

"ही आपल्याकडची नव्हेच," तिकीटखिडकीवरची आर्डिस म्हणाली. "आपली असती तर नको नको करता करता गाडी सुटली असती."

हसला नाही तो एकटा वेंडेल, मला पडद्यावर चालवणारा. महाभिडस्त माणूस, दिवसाला चार शब्द बोलला तर खूप. पण माझा तो शेवट त्याच्या मनात असा रुतून बसला की रिळं गुंडाळताना तो स्वतःशीच पुटपुटायचा, "राहशील? हो."

त्याच महिन्यात एका दुपारी खेळ सुटल्यावर आर्डिस खुर्च्यांखालच्या लाह्या झाडत होती. वेंडेल खाली उतरला. टोपी हातात घेऊन म्हणाला, "आर्डिस, माझ्याशी लग्न करशील?"

तिचे कान लाल झाले. "छे! माझं लचांड कशाला गळ्यात बांधून घेतोस?"

आणि ती झाडू धरून थांबली. दुसऱ्यांदा विचारेल म्हणून.

वेंडेल म्हणाला, "बरं." वर आला आणि माझ्या डब्याचं झाकण लावता लावता पुटपुटला, "नाही म्हणाली. मनात असतं तर लगेच हो म्हणाली असती." हे कुणाकडून शिकला? माझ्याकडून! अहो, ओरडून सांगावंसं वाटलं, बाबा रे, मी खोटा आहे, साबणाचा आहे, तू पुन्हा विचार! पण मला आवाज तेवढाच, जेवढा कुणी लिहून दिलेला.

दोघांनीही लग्न केलं नाही. तो तिच्या दारातला बर्फ उपसायचा, ती दर हिवाळ्यात त्याला टोपी विणून द्यायची. वादळात नवा सिनेमा पोचला नाही की मलाच लावायचे. लोक हसायलाच यायचे, पण हळूहळू त्यांना माझे संवाद पाठ झाले, आणि हसता हसता डोळे पुसू लागले. मी सुखात होतो. एवढा एक सल सोडला तर.

मग थिएटरचं छप्पर कामातून गेलं, आणि थिएटर बंद करायचं ठरलं. शेवटच्या रविवारी दुपारी गावानं मलाच मागितलं. खेळ संपल्यावर दारातल्या दालनात ज्यानं त्यानं घरून आणलेलं जेवण मांडलं. टेबल कमी पडलं, म्हणून माझे डबे एकावर एक रचून त्यांवर आर्डिसच्या लिंबाच्या वड्यांची ताटली ठेवली. बघता बघता एकच वडी उरली.

आर्डिसची धाकटी बहीण इव्होन सुरी घेऊन आली. "काय रे वेंडेल, या रडगाण्यात तुला इतकं काय आवडतं?"

"त्यात खरं बोलतात," वेंडेल म्हणाला. "हो तर हो, नाही तर नाही. मीही एकीला एकदाच विचारलं होतं."

आर्डिसनं कप खाली ठेवला. "म्हणून? या सिनेमापायी तू दुसऱ्यांदा विचारलं नाहीस?"

"तू नको म्हणालीस."

"अरे, म्हणणारच ना! मी कॉफीला नको म्हणते, लग्नाला पहिल्या फटक्यात हो म्हणेन? झाडू धरून उभी होते मी तिथे!"

"किती वेळ?"

"चौतीस वर्षं!"

"बुडवा हे डबे तळ्यात," इव्होन म्हणाली, आणि मला ते पटलं.

वेंडेलनं तिच्या हातातली सुरी काढून घेतली. ताटली उचलली. माझ्या झाकणावर साखर सांडली. "आर्डिस, ही शेवटची वडी घेशील?"

आर्डिसनं त्याच्याकडे पाहिलं, अख्खी वडी उचलली आणि सबंध तोंडात टाकली. पाद्रीबाबांच्या देखत! गालाचा फुगा करून म्हणाली, "आता ते दुसरं विचार. तोंड भरलंय तोवर मला नको म्हणता येणार नाही."

त्यानं विचारलं. तिनं मान हलवली, इतक्या जोरात की चष्मा घसरला.

आता मी त्यांच्या स्वयंपाकघरात, कपाटावर. एका डब्याच्या झाकणात तिची बटणं असतात. मला बघायला यंत्र नाही आणि कुणाला गरजही नाही. माझ्यासारखा एखादा भेटला तर खुशाल हसा. फक्त मनात असेल तर पहिल्यांदाच हो म्हणा, आणि समोरचा नको म्हणाला तर एकदा तरी पुन्हा विचारा.

आज सकाळी वेंडेलनं विचारलं, "कॉफी?"

आर्डिस म्हणाली, "पूर्ण कप."