भागूबाईच्या शेजारचा गाळा

शहरातल्या गारखेड्याच्या मैदानावर बचत गटांचं हस्तकला प्रदर्शन भरलं, तेव्हा पिशोरच्या सरूबाईला गाळा मिळाला तो नेमका भागूबाईच्या शेजारचा. सरूबाई पहिल्यांदाच गोधड्या विकायला गावाबाहेर पडली होती. तिनं गाठोड्याची गाठ सोडायच्या आतच पलीकडून आवाज आला.

"टेबल मागं घे."

भागूबाई दौलताबादची. ठसठशीत कुंकू, गळ्यात प्रदर्शन भरवणाऱ्या मंडळाचं ओळखपत्र, आणि समोर गोधड्यांचीच थप्पी.

"का?" सरूबाईनं विचारलं.

"माझं गिऱ्हाईक अडतंय. हे परदर्शन सुरू झालं तवापासून बसते मी इथं. तुला बी गोधड्याच भेटल्या व्हय विकायला? पापड लाट की."

सरूबाईनं टेबल वीतभर मागं घेतलं. भांडायला आलो नाही, असं तिनं मनाशी म्हटलं. पण दुपारी भागूबाईनं दोन गाळ्यांच्या मधल्या दोरीवर एक भली मोठी गोधडी टांगली. आता फाटकातून येणाऱ्याला सरूबाईचा गाळा दिसेचना. सरूबाईनं ती काढली, घडी घालून भागूबाईच्या टेबलावर ठेवली. थोड्या वेळानं ती पुन्हा दोरीवर. या खेपेला सरूबाईनं हिसका दिला आणि गोधडी मातीत पडली. समोरचा लाकडी खेळणी विकणारा पुंजाराम हसला. भागूबाईनं गोधडी झटकली आणि अगदी हळू म्हणाली, "बघ आता."

दुसऱ्या दिवशी बायका यायच्या, गोधड्यांवरून हात फिरवायच्या, भाव विचारायच्या. मग भागूबाई त्यांच्याशी दोन शब्द बोलायची आणि त्या निघून जायच्या. शेवटी चष्मेवाली एक आजीबाई थांबली. नातवासाठी तिला एक गोधडी फार आवडली होती. तिनं आवाज खाली आणला.

"राग मानू नका हं, पण यात मयताचे कपडे असतात का?"

"कोण म्हणलं?"

आजीबाईनं नुसतं शेजारी पाहिलं.

सरूबाईला नाही म्हणता आलं असतं. पण तिचं बोट गोधडीच्या हिरव्या ठिगळावर थांबलं. "एवढं हिरवं माझ्या सासूचं. सासू आता नाय. पण लुगडं तिनं जित्तेपणी आपल्या हातानं फाडून दिलं मला."

आजीबाईनं गोधडी खाली ठेवली आणि हात पदराला पुसला. गिऱ्हाईक गेलं त्याचं सरूबाईला एवढं वाटलं नाही. तो पुसलेला हात मात्र तिच्या डोळ्यांसमोरून हलेना.

सकाळीच तिनं मागच्या फाटकाशी टेंपो पाहिला होता. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधलेल्या, एकसारख्या मशीनच्या गोधड्या भागूबाई उतरवून घेत होती. तेव्हा सरूबाई गप्प बसली होती. आता ती उठली, तडक मंडळाच्या प्रमुख पद्मजाताईंकडे गेली आणि टेंपोचं सांगितलं.

"सरूबाई, तुम्हाला नक्की माहीत आहे ना?"

"डोळ्यानं पाह्यलंय, ताई."

पद्मजाताई आल्या. भागूबाईच्या टेबलाखालचं पोतं उघडलं, तर आतल्या गोधड्यांवर गिरणीची लेबलं तशीच होती. इथं हातानं केलेलाच माल विकायचा, असा नियम होता. "गाळा रिकामा करा," त्या म्हणाल्या.

भागूबाई रडली नाही. "पहिल्या साली मांडव घालायला माणसं नव्हती तुमच्याकडं, ताई. बांबू म्या धरले होते."

पद्मजाताईंनी मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. भागूबाईनं एकेक पोतं ओढत मैदान ओलांडलं. कुणी पोत्याला हात लावला नाही. बघताना सरूबाईला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. त्या दुपारपासून ओळीतलं कुणी तिच्याशी बोलेना. चहावाल्याला लोक तिच्या अलीकडूनच परत पाठवायचे. हात धुवायला जायचं तर गाळ्यावर नजर ठेवायला कुणी तयार नाही. तिनं पुंजारामला विचारलं, "भाऊ, माझं काय चुकलं?"

"तिचा माल कुठून येतो ते आम्हाला ठावं नव्हतं व्हय?" पुंजाराम म्हणाला. त्यानं टेबलावरची लाकडी बैलगाडी उचलून तिच्यापुढे धरली. "निम्म्या गाड्या म्या बी इकत आणल्यात. ती पलीकडची मातीची भांडी बी तशीच. जा, सांग जाऊन ताईला."

सरूबाई गेली नाही. उरलेले दिवस तिनं मान खाली घालून काढले. रविवारी गर्दी झाली, थोड्या गोधड्या खपल्या. हिरव्या ठिगळाची तिनं पुन्हा मांडलीच नाही.

शेवटच्या दिवशी ती गावाकडं जायला कन्नडच्या बसमध्ये चढली. बस भरलेली होती. एकच जागा मोकळी, आणि तिच्यावर पोतं. पोत्याशेजारी खिडकीशी भागूबाई, उरलेला माल शहरातल्या बाजारात विकून परतणारी.

"उचल ते."

"जागा धरलीय."

"कुणासाठी?"

सरूबाईनं पोतं उचललं, भागूबाईच्या मांडीवर आदळलं आणि बसली.

बसनं शहराच्या टोकाची लष्करी छावणी मागं टाकली. मग भागूबाई म्हणाली, "सासूचं लुगडं हाय म्हणून सांगितलंस म्हणं त्या म्हातारीला."

"व्हय."

"येडी हाईस. मयताच्या कपड्याचं म्या उगंच काय तरी बोलले होते. तूच खरं केलंस."

दौलताबादचा फाटा आला तशी भागूबाई पोतं घेऊन उठली, सरूबाईचे गुडघे मुद्दाम रगडत बाहेर निघाली. "पुढल्या साली अर्ज भरणार हाय. हातानं शिवून आणीन. गाळा तुझ्याच शेजारी मागीन."

"माग. पण माझ्या गिऱ्हाइकापाशी तोंड उघडलंस, तर ह्या टायमासारखी गप नाय बसायची."

"ह्या टायमाला गप बसलीस व्हय तू?" भागूबाई दारातूनच ओरडली आणि उतरली.

बस हलली. सरूबाई खिडकीशी सरकली. खाली भागूबाई एकटीच पोतं डोक्यावर घेत होती, याही खेपेला हात लावायला कुणी नव्हतं, आणि ते घेताना तिची मान एका बाजूला कलली. आता बघताना सरूबाईला बरं वाटेना. तिनं तोंड फिरवलं.