गुलाबी स्लॅब

राकेश गेला तेव्हा त्याच्या स्लॅबला तीन आठवडेही झाले नव्हते. काँक्रीटची पक्की ताकद चार आठवड्यांनी मोजतात. ती मग उपासनानेच मोजली.

नवरा-बायको दोघंही नागपूरचे, शिकागोजवळच्या एका छोट्या सिमेंट कंपनीत कामाला. सिमेंट बनताना हवेत फार कार्बन जातो. म्हणून काँक्रीटमधल्या सिमेंटचा बराच भाग काढून तिथे भाजलेली माती घालायची, हाच राकेशचा ध्यास. "आच नेमकी हवी," तो म्हणायचा. "कमी पडली तर माती कच्ची, जास्त झाली तर मेली."

शेवटी एका शाळेने बस उभ्या राहतात त्या जागेसाठी ते काँक्रीट घ्यायचं कबूल केलं. ऑक्टोबरात स्लॅब टाकला. मातीतल्या लोखंडाने त्यावर फिकट गुलाबी झाक आली.

"केया, बघ, खास तुझा कलर!" राकेश लेकीला म्हणाला.

"पपा, आय हेट पिंक!" दहा वर्षांची केया म्हणाली, आणि तिघंही हसत सुटले.

पुढे एका रविवारी तो जेवून उठला आणि तिथेच कोसळला. हॉस्पिटल गाठेपर्यंत सगळं संपलं होतं.

विहारात पुण्यानुमोदन झालं आणि उपासना लॅबमध्ये गेली. राकेशने भरून ठेवलेले काँक्रीटचे नमुने तिने एकेक करून मशीनखाली दाबले. आकडा चढत गेला, हवा होता त्याच्याही पुढे गेला. "अरे, बघ ना!" म्हणत ती वळली. मागे कुणीच नव्हतं.

हिवाळा सरला आणि तिचा बॉस अनीश तिच्या टेबलाशी आला. "उपासना, शाळेने स्लॅब रिजेक्ट केलाय. म्हणे, रंग डागाळल्यासारखा दिसतो. तो तोडून तिथे नेहमीचा ग्रे स्लॅब टाकायचाय."

"रिपोर्ट दाखवलेस?"

"दाखवले गं. ताकदीबद्दल तक्रारच नाहीये त्यांची."

"आणि मातीचं काम?"

अनीशने नजर चुकवली. "प्रोजेक्ट बंद होतोय. सॉरी यार."

तोडायच्या दिवशी उपासना गेली. केयाही हट्ट धरून आली. ब्रेकरचे दणके बसत होते, पण नुसत्या कपच्या उडत होत्या. ऑपरेटरने मशीन थांबवून टोक तपासलं, मान हलवली, पुन्हा सुरू केलं.

"व्हाय इज इट टेकिंग सो लाँग?" केयाने विचारलं.

"पक्का आहे गं."

"बिकॉज पपा मेड इट?"

"या मातीची ताकद सावकाश वाढते, बाळा. महिनोन्महिने वाढत राहते. अजून वाढतच होती..." पुढचं तिला बोलवेना. इतके महिने घरात, विहारात, ऑफिसात कोरडी राहिलेली उपासना शाळेच्या कुंपणाला धरून हमसून हमसून रडली. केया तिला घट्ट बिलगली.

दुपारी ट्रक तुकडे भरून निघून गेला. जागेवर उघडी खडी राहिली. दोघी गाडीत येऊन बसल्या. उपासनाने केयाचा पट्टा लावला, स्वतःचा लावला, आणि कितीतरी वेळ तिने गाडी चालूच केली नाही.