सतरा एक

हिवरखेडहून आलेल्या ज्या पत्राला तायडे सरांनी नऊ वर्षांत उत्तर दिलं नव्हतं, ते त्यांना आठवलं तेव्हा त्यांच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा आवळलेला होता. पंप दाबता दाबता नर्स म्हणाली होती,

“सर, मले नाही ओळखलं? मैनाची लहान बहीण मी, भावना. हिवरखेडची.”

अमरावतीत आपल्याला कोणी ओळखेल, असं सरांना वाटत नसे.

“मैना... काय करते आता?”

“अंगणवाडीत हाये. अन् घरी आली का भागाकार! तुमचे ते सतरा एक आमच्या घरातून काई जाऊन नाही राहिले.”

सर दचकले. हिवरखेडच्या शाळेत, मैनाच्या दहावीच्या वर्गात त्यांनी एकदा फळ्यावर ओळीनं सतरा वेळा एक लिहिला होता. ही संख्या संयुक्त आहे, एकाहून मोठा असा तिचा सर्वांत लहान भाजक शोधा. तो चौतीसच्या पटीत एक मिळवूनच येईल, एवढी खूण त्यांनी दिली होती. उत्तर त्यांना स्वतःलाही ठाऊक नव्हतं. ते तेवढं सांगायचं राहिलं.

आठ वर्षांनी मैनाचं पत्र आलं. ‘सर, २०७१७२३. बाकी शून्य. हाच का सर्वांत लहान?’ सरांनी भागून पाहिलं, शून्यच आलं. पण त्याहून लहान एखादा असला तर? ‘मला ठाऊक नाही’ एवढं लिहायला त्यांनी दोनदा पेन काढलं, दोनदा खिशात ठेवलं.

“पण तिला सापडला होता,” ते म्हणाले.

“सापडला न! तुमाले चिट्ठीबी टाकली. उत्तर नाही आलं, तं बाईनं पुन्हा पहिल्यापासून मांडलं.”

“काहून?”

“तुमचीच शिस्त, सर! तुमी कोनाले चूक म्हनतच नव्हते. वही गुपचूप वापस द्याचे. सर बोलले नाही म्हंजे पुन्हा पहिल्यापासून. ती म्हने, मधात एखादा लहान भाजक सुटला असन, म्हनून सर गप हायेत. मोबाइलवर पाहून घे म्हटलं, तं म्हने, सरनं हातानं काढाले लावलं. पलंगाखाली वह्याच वह्या! आई म्हनते, रद्दीवाल्याले तरी बलावा.”

ती हसली, मग काट्याकडे पाहून हसायची थांबली.

“अरे बापा! एकशे नव्वद? सर, आडवे व्हा बरं.”

“कुठवर... आली ती?”

“अकरा लाखाच्या वर गेली म्हने. बोलू नका आता.”

तासाभरानं डॉक्टरांनी सोडलं तेव्हा सर घरी गेले नाहीत. रस्त्यापलीकडच्या पोस्टात आंतरदेशीय पत्र घेऊन त्यांनी उभ्यानंच लिहिलं:

‘मैना, जयभीम. तुझा भागाकार बरोबर होता. पत्र आलं त्याच दिवशी मी ताडून पाहिला होता. त्याहून लहान भाजक आहे का, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं, आजही नाही. प्रश्न मी उत्तर न काढताच घातला होता. सांगायची लाज वाटली, म्हणून गप्प राहिलो. तुझं काही चुकलं म्हणून नाही.’

खाली ‘आता थांब’ असं लिहायला पेन टेकवलं आणि उचललं. तो हक्क आपल्याला उरला नाही, असं त्यांना वाटलं.

“आजची डाक गेली का हो?”

“गेली न काकाजी,” खिडकीतली बाई म्हणाली. “हे उद्या निघन.”

सरांनी मान हलवली. म्हणजे आज संध्याकाळी अंगणवाडीतून येऊन ती वही उघडणार होती, उद्याही, परवाही कदाचित. त्यांनी कडा नीट चिकटल्यात का ते दोनदा पाहिलं आणि पत्र पेटीत सोडलं.