वायर धरून बसलेले अण्णा

"आता सोडू का रे वायर?" गुलाबाच्या मळ्यातून दमून आलेले माझे वडील, अण्णा, विचारायचे.

"हलूसुद्धा नका!" मी ओरडायचो. आमच्या आठ-बिटी कॉम्प्युटरवर खेळ टेपरेकॉर्डरमधल्या कॅसेटवरून चढायचा. रातकिड्यांसारखी किरकिर चालायची आणि दोघांना जोडणारी सैल वायर हलली की सगळं पहिल्यापासून. खेळ चढल्यावर वायर सोडली तरी चालते, एवढंही मखमलाबादच्या या महापंडिताला, म्हणजे मला, ठाऊक नव्हतं. मी तासभर खेळातला बेडूक उडवायचो, अण्णा वायर धरून बसायचे.

ज्याचं नावही आज कुणी घेत नाही, तो कॉम्प्युटर परवा मी शोधून आणला. बेडूक पडद्यावर आला तसं मी त्या कॉम्प्युटरच्या थोरवीवर भाषण ठोकलं.

ऐंशीच्या अण्णांनी खुर्ची ओढली. "भाषण पुरं. सरक तिकडं. मला तवाबी खेळायचं होतं रे."