एका चातीची चार चात्यांशी शर्यत

घरात सगळं निजलेलं होतं. झोळीत तान्हं, सतरंजीवर पाच वर्षांची निर्मला. दुपारच्या त्या शांततेत माझी कडी वाजली, कट्. छबूबाईने ओठांवर बोट ठेवलं, जणू मलाच दटावलं. पोरं उठली असती तर तिचं सूत तिथेच राहिलं असतं.

मित्रांनो, मी एक जुना पेटीचरखा आहे. तोरणमाळच्या उतारावरचा साग आणि नंदुरबारच्या मगन सुताराचा हात, असा माझा जन्म. झाकण मिटलं की पेटी. उघडलं की दोन चाकं, एक दोरी आणि एक चाती, म्हणजे सूत गुंडाळून घेणारी लोखंडाची बारीक काडी. लग्नानंतर छबूबाईबरोबर मी धानोऱ्याला आलो. कापसाचा पेळू धरलेला तिचा हात थकला आहे की रागावला आहे, ते मला धाग्यावरून कळतं.

मग गावात अंबर चरखा आला. चात्या चार, फिरवायला एकच हात. बाया तो बघायला जमायच्या. शेजारची भिकुबाई छबूबाईला म्हणाली, "तुन्हं डबडं आते चुलामा टाक." मी ते ऐकलं आणि त्या दिवशी मुद्दामच एकही धागा तुटू दिला नाही.

१९५८ च्या गांधीजयंतीला नंदुरबारात सूतकताईची स्पर्धा ठरली. वेळ एक तास. ज्याचं सूत जास्त त्याला बक्षीस, नवाकोरा अंबर चरखा. छबूबाईला तो हवाच होता. दोन्ही लेकरांच्या कपड्यांचं सूत एका हिवाळ्यात निघालं असतं. ती जिंकली की मी अडगळीत जाणार, हे मला ठाऊक होतं. तरी मी जीव तोडून फिरलो.

आमच्या शेजारी जसोदाबाई बसली होती, स्वतःच्या घरचा अंबर घेऊन. तास संपला. खादी केंद्राच्या मोतीलालभाऊंनी तार, म्हणजे सुताचे चारेक फुटांचे फेरे, मोजले. आमचे तीनशे साठ. तिचे एक हजार ऐंशी.

छबूबाई उठली. "भाऊ, तिन्या चात्या चार. चार वाटा करा. दोनशे सत्तरच येतस."

"बाई, नियमात सूत लिहिलंय. चाती नाही लिहिली."

"मंग शर्यत बायास्नी व्हती का चरखास्नी?"

"पुढला साल चार हात लई ये, छबू," भिकुबाई मागून म्हणाली. मांडव हसला.

जसोदाबाई हसली नाही. "मी बी दोन महिना शिकनू, बहीण. त्यानं काहीच मोल नही?"

तेही खोटं नव्हतं. छबूबाई खाली बसली.

पण मी बसणार नाही, मित्रांनो. चातीला चाती लावली तर नव्वद तारांनी आम्ही पुढे होतो. हे कुठल्या कागदावर नाही, म्हणून मीच सांगतो आहे. जुन्या चातीला तेल द्या, दोरी ढिली पडली तर ताणा, पण आमची कीव करू नका. आणि शर्यत लावाल तेव्हा आधी सगळ्यांच्या हातात सारखं साधन द्या, मग घड्याळ बघा.

मांडवाबाहेर नवा अंबर जसोदाबाईच्या बैलगाडीत चढवला गेला. तिच्या घरचा अंबर तिथे आधीच ठेवलेला होता. आमच्याबरोबर आलेल्या निर्मलाने दोन्ही नीट पाहिले, आईचा पदर ओढला आणि विचारलं,

"माय, जिनाकडे एक शे, तिलेच आखो एक का बरं दिधा?"