खालची मूठ

परंड्यात कुर्डुवाडीच्या रस्त्याला शांतलिंगची आरा मशीन बसली आणि फकीर आराकशाचा आरा घरातल्या तुळईला टांगला गेला. आरा म्हणजे काही सुताराची हातकरवत नव्हे. माणसाच्या उंचीहून लांब पोलादी पातं, दोन्ही टोकांना आडव्या लाकडी मुठी. मोठा ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा, एका गड्यानं त्याच्यावर उभं राहायचं, दुसऱ्यानं खाली खड्ड्यात उतरायचं, आणि आळीपाळीनं ओढत उभ्या फळ्या पाडायच्या. आता ते सगळं इंजिन करत होतं, आणि तेही गावाचे कान किटवत. टांगलेल्या आऱ्यावर सायराबी लसणाच्या जुड्या अडकवायची आणि वर नवऱ्यालाच ऐकवायची, "तेवढाच उपयोग उरलाय त्याचा."

बायकोचं फकीर ऐकून घ्यायचा. मुलाचं ऐकून घ्यायची त्याला सवय नव्हती. आणि मुलगा जलील कामाला कुठं, तर शांतलिंगच्याच मशीनवर! ज्या इंजिनानं बापाच्या पोटावर पाय दिला, त्याला पोरगा रोज डिझेल पाजायचा. फकीरनं तेही गिळलं होतं. पण जलीलचं लग्न ठरलं, घरात सून यायची म्हणून जागा करायची वेळ आली, आणि एका सकाळी हे चिरंजीव बिरू लोहाराला घेऊनच आत शिरले.

बिरूनं पात्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला, मान डोलावली. "चाचा, पोलाद लई नामी हाय. विळं करतो, खुरपी करतो. गावाला पुरून उरतील."

"तुझ्या भट्टीत आधी तू बस," फकीर म्हणाला. "मग माझा आरा घाल."

बिरू हसला. फकीरची जीभ त्याला ठाऊक होती. जलील मात्र हसला नाही.

"अब्बा, मला भांडायचं नाही. एवढंच सांगा. आरा चालवायचा म्हटलं तर वर तुम्ही. खाली कोण?"

फकीरची नजर आऱ्याच्या दुसऱ्या मुठीवर गेली.

खाली धुळाप्पा असायचा. दुसरं कुणी कधी नव्हतंच. वेशीजवळच्या धनगर आळीतला धुळाप्पा आणि हा फकीर, दोघं मिसरूड फुटायच्या आधीपासून एका आऱ्याला जोडलेले. निजामाचं राज्य होतं तेव्हाही आणि ते गेलं तेव्हाही. मधल्या पोलीस ॲक्शनच्या वाईट दिवसांत जिवाच्या भीतीनं फकीर घरातनं बाहेर पडत नव्हता, तेव्हा हाच धुळाप्पा दारात येऊन ओरडला होता, "लाकूड पडून हाय अन् तू बायकोच्या पदराआड बसतूस व्हय?" आणि भर गावातनं त्याला कामावर घेऊन गेला होता. पण खालच्या गड्याच्या अंगावर दिवसभर भुसा पडतो. केसांत, कानांत, डोळ्यांत. वर्षानुवर्षं पडतो. धुळाप्पाचे डोळे आधी लाल झाले, मग धुरकटले, मग गेले. आता तो घरापुढच्या ओट्यावर बसून लोकर कातायचा. गावानं त्याचा हिशेब केव्हाच मिटवला होता. पोराबाळांना सांगताना लोक म्हणायचे, धुळाप्पा? होता बाबा एके काळी लई दांडगा गडी. ओट्यावर बसलेल्या जित्या माणसाला 'होता' म्हणायचे!

"भेटंल कुणीतरी," फकीर शेवटी म्हणाला. "आरा विकायचा नाही."

"मग असं करू," जलील म्हणाला. "श्रीमंतकाकाच्या कडुलिंबाचा ओंडका मशीनवर पडून आहे. त्याच्या फळ्या पाडून दाखवा. येत्या बाजारापर्यंत. पाडल्या तर मी आऱ्याचं नाव काढणार नाही. नाही पाडल्या तर आरा बिरूकाकाच्या भट्टीत."

"कबूल!" फकीर गरजला. लसणाच्या जुड्या ओरबाडून त्यानं आरा खाली घेतला.

त्या लिंबाची गोष्ट अशी, की तो श्रीमंतच्या शेताच्या बांधावर होता, वाटेवर. दाढ दुखायला लागली की माणसं येऊन त्याच्या बुंध्यात खिळा ठोकायची. दुखणं झाडात जातं म्हणायची. बापजाद्यांपासून ठोकत आलेली. दाढा गेल्या, माणसं गेली, खिळे मात्र आतच राहिले आणि झाडानं त्यांच्यावर साल ओढून घेतली. झाड वठलं तेव्हा श्रीमंतनं नव्या घराच्या दाराला फळ्या हव्यात म्हणून ओंडका मशीनवर नेला. शांतलिंगनं खिळ्यांची डोकी बघितली आणि हातच जोडले. पातं तुटून कुणाच्या नरड्यात घुसलं तर? त्याचंही खोटं नव्हतं.

ओंडका जुन्या खड्ड्यावर आला. फकीरनं पात्याचा गंज विटेनं घासला, करडईच्या तेलाची चिंधी फिरवली, एकेका दाताला कानस लावली. आणि खालच्या मुठीला शिवलिंग पैलवानाला उभं केलं. मांडी बघावी तर खांबासारखी. पण आरा मांडीनं चालत नाही. आऱ्याला फक्त ओढायचं असतं. आपली ओढ संपली की हात सैल सोडायचा, पातं दुसऱ्याच्या हवाली करायचं. पैलवानाला हवाली करणं माहीतच नव्हतं. तो ओढायचा, आणि वर फकीर ओढायला लागला की मदत म्हणून खालून ढकलायचा. पातं धनुष्यासारखं वाकलं.

"सोड! सोड म्हणतो ना! आरा हाय का रेड्याचं शेपूट?"

"जोर लावतोय की चाचा!"

"तुझा जोर घाल चुलीत! वर ये!"

बघायला जमलेली माणसं पोट धरून हसली. श्रीमंत म्हणाला, "फकीरभाई, जाऊ द्या. कुऱ्हाडीनं फोडतो अन् जळणाला घालतो." फकीरनं पातं ओंडक्यातून उपसलं. आरा खांद्यावर टाकून घराकडं निघाला. आणि निघाला तोही लांबच्या वाटेनं, किल्ल्याच्या खंदकाकडून. जवळची वाट धनगर आळीतून होती, आणि ओट्यावर धुळाप्पा असायचा. आऱ्याच्या पात्याचा आवाज त्याला कळला असता. ज्या आऱ्यानं डोळे खाल्ले, तो त्याच्यासमोरून मिरवत न्यायचा? फकीरला ती लाज वाटत होती. आणि भीती होती, ती वेगळीच. हा आरा भट्टीत गेला तर मागं उरलेला म्हातारा फकीर तरी काय होता? खुरपं करण्याच्यासुद्धा लायकीचा नव्हता.

बाजाराच्या आदल्या दिवशी धुळाप्पाची बायको सिताबाई दारात आली. पदर खोचलेला, चेहरा तापलेला.

"भावजी, चला. बोलावलंय. दोन दिस झालं, धड जेवले न्हाईत. म्या काय बी सांगायची न्हाय, तुमचं तुमी बघा."

फकीर गेला. धुळाप्पा ओट्यावर ताठ बसला होता, लोकरीची चाती बाजूला फेकलेली.

"आलास व्हय, फकिऱ्या?"

"आलो."

"पैलवानाला इचारलंस."

"व्हय."

"आनिक कुणाला?"

फकीरनं खरं ते सांगितलं. कुंभाराच्या थोरल्याला, पिंजाऱ्याच्या गफारला.

"गावभर इचारलंस!" धुळाप्पा कडाडला. शेजारची कुत्री उठून पळाली. "गफारला इचारलंस, ज्याला कापूस पिंजताना खोकला येतो! अन् माझ्या दारावरनं जायला तुझं पाय मोडलं? गाव मला मेल्यात मोजतं, ते गाव हाय. तू कोण लागून गेलास मोजायला?"

"अरे, तुझे डोळे..." फकीर म्हणाला. "त्या आऱ्यानंच..."

"डोळं गेलं ते माझं गेलं! त्याचं मी बघतो! तुला आज सांगतो, खड्ड्यात मी कधी डोळं उघडलं होतं रे? पहिल्या ओढीला मिटायचो ते भाकरीच्या वक्ताला उघडायचो. मिटलं तरी भुसा शिरायचा, ते सोड. रेघ बघायची कुणी? वरच्यानं. खालच्याला काय लागतं? हात लागतात. हे बघ!" त्यानं दोन्ही हात पुढं केले. "हे गेल्यात का? सांग, गेल्यात का?"

सिताबाई उंबऱ्यात उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला, पण अडवलं नाही. फकीरनं ते हात धरले आणि भर आळीत, भर दुपारी, लहान पोरासारखा रडला. मग नाक पुसून म्हणाला, "ऊठ मग. बसलास काय?"

बाजाराच्या सकाळी गावच लोटलं. एक आंधळा खड्ड्यात उतरतोय म्हटल्यावर कोण घरात राहतंय? कुणी म्हणालं, फकीरला म्हातारचळ लागलाय. कुणी सिताबाईला म्हणालं, "बाई, तू तरी अडव की." ती म्हणाली, "तुमच्या घरचा न्हाय ना उतरत? मग गप बघा."

धुळाप्पा आधी ओंडक्याला भिडला. टोकापासून टोकापर्यंत तळवे फिरवले, साल जिथं फुगलेली तिथं बोट रुतवलं. "हितं हाय. हितं बी." जलील पक्कड घेऊन खिळे उपटत गेला, आधी तोंड वाकडं करून, मग मुकाट्यानं. फकीरनं काजळी लावलेल्या दोरीनं रेघ उठवली. धुळाप्पा खड्ड्यात उतरला, चाचपडत खालची मूठ धरली, आणि ओरडला, "ओढ!"

पहिल्या चार-दोन ओढी वाकड्या गेल्या. फकीरला धाप लागली, खांदा कळवळला. माणसं कुजबुजायला लागली. मग कुठं तरी त्याच्या हातांना जुनी ओळख पटली. त्याची ओढ संपायची आणि पातं आपणहून खाली जायचं, ना घाई, ना झटका. खाली कोण आहे ते फकीरला त्या पात्यातूनच समजत होतं. भुसा खड्ड्यात पडायला लागला, त्याला लिंबाचा कडू वास होता.

मध्येच कडकन आवाज झाला. आत खोल राहिलेला एक खिळा लागला होता. आऱ्याचे दोन दात उडाले. बिरू लोहार पुढं सरकला, "झालं, चाचा?"

"माझ्या तोंडात किती ऱ्हायलेत ते बघ," धुळाप्पा खालून म्हणाला, "तरी भाकरी खातोच की मी. फकिऱ्या, खिळा काढ अन् ओढ."

लोक हसले, पण हे हसणं वेगळं होतं. खिळा छिन्नीनं निघाला. दुपार कलायच्या आत ओंडका संपला. फळ्या ओळीनं भिंतीला टेकल्या, श्रीमंत त्यांच्यावरून हात फिरवत राहिला. जळणाचं नाव त्यानं पुन्हा काढलं नाही. बिरू केव्हा निघून गेला कुणाला कळलं नाही.

जलील खड्ड्याच्या कडेला आला. भुशानं पांढऱ्या झालेल्या म्हाताऱ्याकडं त्यानं बघितलं. वाकून त्यानं हात पुढं केला.

"काका, या वर. जिंकलात तुमी. आरा आता कुठं जात न्हाय, मी शब्द देतो. द्या हात. घरी सोडतो तुमाला, निवांत बसा."

धुळाप्पानं हात दिला नाही. दोन्ही हात मुठीवरच होते.

"निवांत लई बसलो. आता दुसरा ओंडका चढवा."

"दुसरा कुठाय, काका?"

"मशीनवरनं आण. वाकडं म्हणून, जुनं म्हणून टाकून दिलेलं पडलं असंल की तिथं. जा, गाडी जुंप. म्या हितनं हालत न्हाय."

जलीलनं वर बापाकडं बघितलं. फकीरही खड्ड्यावर टाकलेल्या आडव्या वाशावरून उतरला नव्हता. वरची मूठ धरून तो उभा होता.

"माझ्याकडं काय बघतोस?" फकीर म्हणाला. "काका काय म्हणाले ते ऐकलंस ना? नीघ."