धुतलेले हात

सासूबाईंच्या साठीचं जेवण मेक्सिकोतल्या आमच्या मेरिदा शहरातल्या त्या मोठ्या हॉटेलात ठरलं. पांढरेशुभ्र टेबलक्लॉथ, उंच ग्लास, आणि माझ्या मांडीवर आठ महिन्यांची अब्रिल, जिला हाताला लागेल ते खाली फेकण्याचा नवा छंद लागला होता. सासूबाईंनी आदल्या दिवशी फोनवर बजावून ठेवलं होतं. पोर रडलं तर ताबडतोब बाहेर न्यायचं. कपडे बदलायचे ते आत, टेबलापाशी नाही. आणि पोरीच्या मनगटावरचं ते लाल काहीतरी काढून ठेवायचं, खेडवळ दिसतं.

ते लाल काहीतरी म्हणजे माझ्या आईने ओवलेला मण्यांचा दोरा, दृष्ट लागू नये म्हणून. मी तो सकाळी काढला आणि साबणाच्या डबीत लपवला. माझ्या नवऱ्याने, गास्पारने, ते पाहिलं आणि तो दाढी करत राहिला. मग मीच त्याच्यावर तासभर रुसून बसले, जसा काही दोरा त्यानेच काढला होता.

आमच्या युकातानात दृष्ट लागायला कुणी वाईट मनाचं असावं लागत नाही. उन्हातून चालून आलेला, चुलीपुढून उठलेला, घामाघूम, भुकेला माणूस असला की त्याची नजर जड होते, आणि त्याला बाळ आवडलं की ती बाळाला लागते. त्याचा उतारा त्याच माणसाकडे असतो. त्याने तशाच घामेजल्या अंगाने बाळाला उचलून घ्यायचं, छातीशी धरायचं, झालं. माझ्या आईची बाजारात खानावळ होती. ती चुलीपुढून उठून बाहेर आली आणि कुणाचं तान्हं दिसलं, की एप्रनला हात पुसत म्हणायची, द्या बघू जरा माझ्याकडे. लोक देत. एकदाच एका बाईने पोर ओढून घेतलं आणि नाकाला रुमाल लावला. मी अकरा वर्षांची होते. आईने हात मागे घेतले आणि दिवसभर उगाचच हसत राहिली. त्या बाईला मी मनातल्या मनात कितीतरी शिव्या घातल्या होत्या.

तर हॉटेल. लिंबाचं सूप आलं तोवर अब्रिलने दोन चमचे, मूठभर भात आणि मक्याची अर्धी तोर्तिया खाली टाकली होती. मी वाकून उचलायला गेले, तर सासूबाई हळूच म्हणाल्या, त्यासाठी माणसं आहेत इथे. मी उठून सरळ बसले. पायाखालचा भात सँडलने टेबलाखाली सारला. खोटं कशाला सांगू, मला तेव्हा बरं वाटलं, आपल्यालाही जमतंय म्हणून.

आम्हाला वाढायला फिदेलिया नावाची बाई होती, सगळे तिला मानाने दोन्या फिदेलिया म्हणत. पन्नाशीची, पांढरा भरतकामाचा इपिल, आमच्याकडचा सैल झगा, घातलेली. शेगडीपाशीही तीच राबत असावी, कारण तिच्या गळ्यावर घाम चमकत होता. भाजलेल्या डुकराच्या मटणाची थाळी ठेवता ठेवता ती अब्रिलकडे बघतच राहिली. किती गोड, म्हणाली. मग तिची नजर पोरीच्या रिकाम्या मनगटावर गेली, आणि तिने दोन्ही हात पुढे केले.

का, ते मला ठाऊक होतं. माझ्याइतकं त्या टेबलावर कुणालाच ठाऊक नव्हतं.

"हात लावू नका," मी म्हणाले. "हात तरी धुतलेत का तुम्ही?"

शेजारच्या टेबलावरचं बोलणं थांबलं. दोन्या फिदेलियाने हात मागे घेतले, मान हलवली, आणि ती हसली. तेच हसू. सासूबाईंनी माझ्या ताटात एक तुकडा जास्तीचा वाढला. मला कधी नव्हे ते शाबासकी मिळाली होती आणि मी तो तुकडा ताटाच्या कडेला सारून ठेवला.

दहा मिनिटांत अब्रिलने जो सूर धरला, तो काही केल्या थांबेना. अंगावर घेतलं, तरी तोंड लावेना. मी तिला बाहेर नेलं, झाडाखाली फिरवलं, परत आणलं. ओकली, कपाळ तापलं. लोक माना वळवून बघायला लागले. एक म्हातारे गृहस्थ पैसे देऊन उठूनच गेले. गास्पार म्हणाला, दात येत असतील. तेव्हा सासूबाई माझ्या कानाशी वाकल्या. ज्यांना लाल दोरा खेडवळ वाटत होता, त्याच.

"जा, त्या बाईला शोध," त्या कुजबुजल्या. "आणि इथे नको, आत ने."

मी पोर घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आत चार बायका होत्या. चौघींनी काम थांबवलं. दोन्या फिदेलिया मोरीपाशी खरकटी ताटं रचत होती. काही सांगावं लागलं नाही, अब्रिल सांगतच होती. दोन्या फिदेलियाने नळाखाली हात धरले, साबण घेतला, आणि तशीच थांबली.

"सेन्योरा, धुतलेल्या हातांनी दृष्ट उतरत नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "तुम्हीच सांगा. धुऊ, की तशीच घेऊ?"

चौघी माझ्याकडे बघत होत्या. माझे कान तापले. "तशीच घ्या," मी म्हणाले.

ऐकू आलं नसावं. तिने भुवया उंचावल्या.

"नका धुऊ," मी मोठ्याने म्हणाले. "तशीच घ्या तिला."

तिने साबण खाली ठेवला. पोरीला उचललं, तिचा चेहरा आपल्या ओल्या गळ्याशी धरला आणि ती डुलू लागली. अब्रिल हुंदके देत देत शांत झाली. दातांमुळे रडत होती की आणखी कशामुळे, देव जाणे. मी मात्र मोरीपाशी उभी राहून रडत होते, आणि मला कुणीही जवळ घेणार नव्हतं.

मुलगी परत देताना तिने पोरीचं नाव विचारलं. मग माझं विचारलं.

"लांदी," मी म्हणाले. आणि का कोण जाणे, सासरचं आडनाव तोंडात आलंच नाही. "लांदी उक. बाजारात रुसेली उकची खानावळ होती ना, तिची मुलगी."

तिने माझ्याकडे नीट बघितलं. राग असता तर परवडला असता.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

मी हो म्हणाले. ती पुन्हा ताटांकडे वळली, आणि मी टेबलाकडे परत गेले. सगळ्यांच्या देखत गुडघ्यांवर बसून मी खालचा भात एकेक शीत करून वेचला.